१९४३ चा म्हणून विकलेला सूट: माझे ५२३ पौंड ५० पेन्स कसे गेले

आधी आकडे. कोट आणि पॅन्टचे ४२० पौंड. मागाहून ‘सापडलेल्या’ वेस्टकोटाचे ६५. विम्यासकट टपालाचे ३८ पौंड ५० पेन्स. एकूण ५२३ पौंड ५० पेन्स. सूट खोटा आहे हे कागदावर लिहून घ्यायला शिंप्याला दिलेले ३० पौंड वेगळेच.

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. सात वर्षं मी जुने ब्रिटिश सूट गोळा करतो आहे. ओळखीचे लोक मला फोटो पाठवून ‘हा कितव्या सालचा असेल?’ म्हणून विचारतात. त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, की एका माणसाने मला सत्तरच्या दशकातला सूट युद्धकाळातला म्हणून विकला? पण गप्प राहिलो तर तोच माणूस उद्या तुमच्यापैकी कुणालातरी गाठेल, म्हणून सांगतो आहे.

जाहिरात साधी होती. राखाडी, पांढऱ्या बारीक रेघांचा डबल-ब्रेस्टेड (पुढचे पल्ले एकमेकांवर येणारा, बटणांच्या दोन रांगांचा) सूट, छाती ३८, कंबर ३२. आजोबांचा लग्नातला, १९४३ चा. आजोबा गेले, घर रिकामं करतोय, कुणा जाणकाराकडे जावा एवढीच इच्छा. आतल्या खिशाजवळ सीसी-४१ चं लेबल, आणि त्याचा जवळून काढलेला स्वच्छ फोटो. ज्यांना हे चिन्ह माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘युटिलिटी’ योजना काढली, ठरलेल्या दर्जाच्या आणि ठरलेल्या किमतीच्या मालावर हे चिन्ह यायचं. तुकडा कापून घेतलेल्या चीजच्या चकतीसारखे दोन सी आणि पुढे ४१. योजना १९५२ पर्यंत चालली. म्हणजे नुसत्या चिन्हावरून १९४३ म्हणता येत नाही, अकरा वर्षांतलं कुठलंही साल असू शकतं. हे मला माहीत होतं. हे मीच इतरांना सांगत आलोय.

माणूस बोलायला मऊ होता आणि त्याला विषय येत होता. ‘आजोबांनी सव्वीस कूपनं साठवून हा शिवला,’ असं त्याने लिहिलं. युद्धकाळात ब्रिटनमध्ये कपडेही रेशनवर, कूपनं देऊन मिळत. त्यात पुरुषाच्या पूर्ण सूटला २६ कूपनंच लागायची: कोटाला १३, वेस्टकोटाला ५, पॅन्टला ८. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं मिळत, म्हणजे सूटासाठी वर्षाच्या कपड्यांचा मोठा वाटा द्यावा लागे. हा हिशोब आजोबांच्या घरातून आलेला असणार असं मला वाटलं. तो कुणालाही वाचून मिळतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. विकणाऱ्याची माहिती म्हणजे मालाचा पुरावा नव्हे. जो जास्त सांगतो, त्याचा सूट जास्त तपासा.

आता तो क्षण. दोन महिने रोज रात्री माझ्या डोळ्यांपुढे येतो.

चौथ्या फोटोत पॅन्ट हँगरवर घडी घालून टांगलेली होती आणि खाली पायाला टर्न-अप होता. चांगला दीड इंचाची दुमड. १९४२ च्या वसंतापासून ते १९४४ च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये टर्न-अपवर बंदी होती. कापड वाचवायला बोर्ड ऑफ ट्रेडने, म्हणजे सरकारच्या व्यापार खात्याने, हुकूम काढले होते: डबल-ब्रेस्टेड कोट नाही, पॅन्टला टर्न-अप नाही, बाहीला शोभेची बटणं नाहीत, खिशांची संख्या मोजून. आणि माझ्यासमोर १९४३ चा म्हणून सांगितलेला सूट होता, ज्याला डबल-ब्रेस्ट होता, टर्न-अप होता आणि प्रत्येक बाहीला चार-चार बटणं होती. हुकुमातल्या तीन गोष्टी एकाच सूटात मोडलेल्या. मला दिसलं होतं. मी आंधळा नव्हतो. मी त्याला विचारलंसुद्धा.

त्याने तासाभरात उत्तर दिलं: त्या काळी पुरुष मुद्दाम लांब पॅन्ट घ्यायचे आणि घरी दुमडून टर्न-अप करून घ्यायचे. आणि हे खरं आहे! असं लोक करायचे, याच्या नोंदी आहेत. उत्तर खरं असल्यामुळेच मी गप्प बसलो. टर्न-अप घरी घालता येतो, बाहीवर बटणं घरी लावता येतात, पण सिंगल-ब्रेस्टेड कोट घरी डबल-ब्रेस्टेड करता येत नाही, हा पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. मनात म्हटलं, आजीला लग्नाचं साल चुकून आठवत असेल, सूट १९४१ चा किंवा १९४५ चा असेल, काय फरक पडतो. त्याच्या खोटेपणातली फट मी स्वतःच बुजवून दिली. याचा राग त्याच्याइतकाच मला माझा येतो.

दुसरी गोष्ट आसनाची. दोन्ही पायांच्या शिवणी जिथे जुळतात तिथून पुढे कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं माप मी मागितलं. चाळिशीच्या दशकातल्या पॅन्टचं आसन उंच असतं, बारा-तेरा इंच, कारण पॅन्ट बेंबीच्या वर, खऱ्या कमरेवर बसते आणि गॅलिसवर, म्हणजे खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांवर, लटकते. त्याने छाती दिली, खांदा दिला, बाही दिली, पायाची लांबी दिली. आसन दिलं नाही. मी पुन्हा विचारलं. ‘संध्याकाळी मोजून कळवतो’ म्हणाला आणि संध्याकाळी वेस्टकोट सापडल्याचं कळवलं. आजीच्या पेटीत होता म्हणे. वेगळे ६५ पौंड. मी आनंदात आसन विसरलो. मागितलेलं एकच माप जर कुणी देत नसेल, तर त्या मापातच सगळं आहे असं समजा आणि बाजूला व्हा.

पैसे मी थेट बँकेतून पाठवले. ‘इथले कमिशनचे पैसे दोघांचे वाचतील’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, मीही ऐकलेलं होतं. बँकेच्या ॲपने विचारलं, या माणसाची खात्री आहे का? मी ‘हो’ वर बोट ठेवलं. का, तर माझ्या उंचीच्या आणि बांध्याच्या माणसाला त्या काळातला ३८ छातीचा, न उसवलेला, कसर न लागलेला पूर्ण सूट वर्षानुवर्षं मिळत नाही. जे उरलेत ते बहुतेक फार लहान आहेत, किंवा कुणीतरी कापून-दाबून खराब केलेले. याआधी मी नऊ सूट घेतले, नऊही खरे निघाले. विश्वास ठेवायची सवय लागते. हे कारण मी पळवाट म्हणून देत नाही, पण ते खरं आहे.

पार्सल हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. चिठ्ठीवर वजन १.६ किलो, आणि तेही वेस्टकोट आणि खोक्यासकट. युद्धकाळातलं कापड जाड असतं, यार्डाला सोळा-अठरा औंस. नुसते डबल-ब्रेस्टेड कोट आणि पॅन्ट दोन किलोच्या घरात जातात. असा कोट खांद्यावर आला की घोंगडीसारखा बसतो. हा कोट अंगात घातला आणि घातल्याचं कळलंसुद्धा नाही. फोटो मागता तसं वजनही मागा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि कापडाचं वजन कुणाला सुईदोऱ्याने बदलता येत नाही.

आणि तो मला पहिल्याच फटक्यात नीट बसला. खरं तर तिथेच भीती वाटायला हवी होती. खऱ्या जुन्या कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ते भोक, लहान आणि उंच असतो, काखेत लागतो. पहिले चार दिवस अवघडल्यासारखं होतं, पण हात वर केला तर फक्त बाही वर जाते, कोट जागचा हलत नाही. मी हात वर केला तर अख्खा कोट कानापर्यंत आला. मुंढा खोल. कंबर आवळलेली आणि खालचा घेर बाहेर फेकलेला. खांदा अरुंद. रुंद लेपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेला भाग) बघून आपण चाळीसचं दशक म्हणतो, पण सत्तरच्या दशकात तीस-चाळीसची फॅशन परत आली होती आणि तेव्हाही लेपल रुंदच होते. जुन्या सूटांच्या बाजारातली सर्वांत जास्त फसवणूक या एका साम्यावर चालते. म्हणून लेपल शेवटी बघायचा. आधी मुंढा, आसन, खांदा. यातलं काही बदलायचं तर सूटच नव्याने शिवावा लागतो.

मग मी आतून बघायला लागलो. पाठीमागे दोन्ही बाजूंच्या शिवणींवर वाफ दिली, तर जुन्या घडीच्या रेषा वर आल्या. दहा-दहा इंचांचे साईड कट, म्हणजे कोटाच्या खालच्या कडेपासून वर जाणाऱ्या फटी, होते, ते शिवून बंद केलेले. चाळीसच्या दशकातले डबल-ब्रेस्टेड कोट बहुतेक बिनकटाचे, आणि इतके लांब कट ही सत्तरीची खूण. कमरपट्टीवर सारख्या अंतरावर गडद पट्टे दिसले, तिथे पट्ट्याचे लूप होते, ते काढून गॅलिसची बटणं लावलेली. पॅन्टची पुढची बटणपट्टी उलटली तर आत झिपच्या टाक्यांची भोकं, दोन समांतर रांगांमध्ये, वरपासून खालपर्यंत. झिप काढून बटणं घातली होती. त्या काळच्या साध्या तयार ब्रिटिश पॅन्टला बटणंच असत हे त्याला बरोबर ठाऊक होतं. गुडघ्यापासून खाली दोन्ही शिवणींच्या आत दुसरी भोकांची ओळ: खाली फाकलेला पाय आत घेऊन सरळ केलेला. आसन मोजलं. साडेदहा इंच.

एवढं काम! जो माणूस झिप काढून बटणपट्टी करतो, कट शिवून बंद करतो, लूप उसवतो, त्याला आजोबांच्या लग्नाचं साल चुकून आठवलं असं मला कुणी सांगू नका. पुढे बँकेने मला जवळपास तसलंच काहीतरी सांगितलं.

शिंप्याकडे गेलो. वयस्कर माणूस, चाळीस वर्षं कोटच शिवतोय. त्याने कोटाचा पुढचा भाग दोन चिमटींत धरून वरचं कापड आणि आतलं अस्तर वेगळं ओढलं. खऱ्या जुन्या कोटात मधे तिसरा थर मोकळा हलताना लागतो, तो कॅनव्हास, केस आणि लोकर मिसळून विणलेला, हातटाक्यांनी धरलेला. इथे मधे काही हललं नाही. कॅनव्हास नव्हताच, गरम इस्त्रीने चिकटवलेलं कापड होतं. चिकटवायची ही पद्धत सूटांमध्ये युद्धानंतर आली आणि साठ-सत्तरीत सगळीकडे पसरली. ‘तुम्ही हे विकत घेण्याआधी मला का नाही दाखवलंत?’ एवढंच तो म्हणाला, आणि मला उत्तर नव्हतं.

मग त्याने आतल्या शिवणीतून दोऱ्याचा तुकडा काढून काडीवर धरला. सुती दोरा जळून राख होतो. हा वितळला आणि टोकाला काळी टणक गोळी झाली. पॉलिएस्टर. पॉलिएस्टरचा धागा व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये शोधला खरा, पण युद्ध संपेपर्यंत तो गुपित होता आणि टेरिलीन म्हणून दुकानांत यायला पन्नाशीचं दशक उजाडलं. १९४३ च्या नवऱ्या मुलाच्या कोटात तो असूच शकत नाही. जुनी शिवण असेल तर असा एक दोरा आतून घ्या आणि जाळून बघा. अर्ध्या इंचाने सूटाचं काही बिघडत नाही.

राहिलं लेबल. लेबल खरं आहे. शंभर टक्के खरं, जुनं, पिवळटलेलं. सीसी-४१ चं चिन्ह सूटांवरच नव्हे, शर्टांवर, आतल्या कपड्यांवर, बुटांवर, फर्निचरवरही असायचं. अशा कुठल्यातरी फाटक्या कपड्यावरून काढून ते इथे शिवलेलं आहे. खोलीत अंधार करून अतिनील दिव्याखाली धरलं तर लेबल मंद, मातकट दिसतं आणि भोवतीचे टाके निळेपांढरे चमकतात. आजचा दोरा. धुण्याच्या पावडरीनेही कापड असं चमकतं, पण लोकरीचा सूट कुणी पावडरीत धूत नाही, आणि पावडर लागली असती तर लेबलही चमकलं असतं. लेबलाच्या शेजारी, अस्तरावर, एक रिकामा चौकोन आहे. चारी कडांना सुईची भोकं. तिथलं मूळ लेबल काय सांगत होतं, ते गेलं. लेबलाचा जवळून काढलेला फोटो पुरावा म्हणून घेऊ नका. लेबलाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, अस्तराच्या आतून.

वेस्टकोट मात्र खरोखर जुना आहे. जाड कापड, सुती दोरा, हातचे काज. फक्त रेघा जुळत नाहीत, कोटाच्या रेघांत पाऊण इंचाचं अंतर आणि वेस्टकोटाच्या अर्ध्या इंचाचं. एक खरी वस्तू घालून त्याने बाकीचं खोटं पचवलं.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायचा ते लोक.

खरेदी-विक्रीच्या साईटने सांगितलं, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आमचा संबंध नाही. हे मला अपेक्षित होतं. पण त्या माणसाचं खातं तपासा, त्याच्या इतर जाहिराती बघा, एवढं तर करा! तक्रारीचा फॉर्म भरला, आपोआप उत्तर आलं, पुन्हा भरला, तेच उत्तर.

पोलिसांना फोन केला. फसवणुकीच्या तक्रारी आम्ही घेत नाही, केंद्रीय यंत्रणेकडे नोंदवा. तिथे पन्नास मिनिटं थांबून नोंदवली. क्रमांक मिळाला. पाच आठवड्यांनी पत्र आलं: तुमची माहिती नोंदवून ठेवली आहे, सध्या तपासासाठी कुणाकडे पाठवत नाही. म्हणजे फाईलमध्ये ठेवली. मी तीस फोटो पाठवले होते. एकही कुणी उघडला असेल असं त्या पत्रावरून वाटत नाही.

ग्राहकांना सल्ला देणाऱ्या फोनवर एक बाई होत्या. चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या की खासगी विक्रेता आहे, दुकानदाराचे नियम त्याला लागत नाहीत, तुम्ही जपून घ्यायला हवं होतं. हे अर्धवट आहे! १९७९ च्या वस्तू विक्री कायद्याचं १३ वं कलम खासगी विक्रेत्यालाही लागतं: माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. मी हे वाचून दाखवलं. मग त्यांनी सांगितलं, विक्रेत्याला पत्र लिहा, नाही तर छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जा. माझ्या रकमेच्या दाव्याला ७० पौंड शुल्क. ते भरायला मी तयार आहे. पण पत्ता? पार्सलावर परतीचा पत्ता पार्सल घेणाऱ्या दुकानाचा आहे. माझ्याकडे त्याचा खाते क्रमांक आहे, नाव आहे, बँक आहे. पत्ता त्याच्या बँकेकडे आहे आणि ती मला तो देत नाही, गोपनीयता म्हणून. त्याची गोपनीयता जपायची, आणि मी कुणाच्या नावाने दावा लावायचा?

सर्वांत जास्त राग माझ्या बँकेचा. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे: फसवून खात्यातून पैसे पाठवायला लावले असतील तर बँकेने ते परत द्यायचे, ८५ हजार पौंडांपर्यंत, फार तर १०० पौंड कापून. मी त्याखाली अर्ज केला. पंचवीस कामाचे दिवस त्यांनी घेतले. उत्तर आलं: आपल्याला माल मिळालेला आहे, मालाच्या दर्जाबाबत मतभेद हा नागरी वाद आहे, तो या नियमात बसत नाही.

मतभेद! झिप उसवून बटणं लावणं हा मतभेद? दुसऱ्या कपड्याचं लेबल आणून शिवणं हा दर्जा? २००६ च्या फ्रॉड कायद्याचं दुसरं कलम साध्या भाषेत लिहिलेलं आहे: खोटं ठाऊक असून, फायद्यासाठी, अप्रामाणिकपणे खोटं सांगणं म्हणजे गुन्हा. इथे तो माणूस सुईदोऱ्याने खोटं बोलला आहे आणि प्रत्येक टाका माझ्याकडे आहे. फोनवरच्या तरुण मुलाला मी हे सांगत होतो आणि तो मला विचारत होता, ‘सर, पण सूट तुम्हाला व्यवस्थित बसतो का?’ बसतो. म्हणून तो खरा होतो का? रिकामं खोकं आलं असतं तर यांनी पैसे दिले असते. त्या माणसाने खोक्यात जुना सूट घातला आणि तेवढ्यावर तो सुटला. शिंप्याचं लेखी मत मी जोडलं होतं. उत्तरात त्याचा साधा उल्लेख नाही.

क्रेडिट कार्डाने थेट विक्रेत्याला १०० पौंडांहून जास्त किमतीच्या वस्तूचे पैसे दिले असते, तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता आली असती. कार्ड घ्यायला नकार देणाऱ्याकडून एवढी महाग वस्तू घेऊ नका. कमिशन वाचवू नका. ते वाचवलेले पैसेच मी गमावले आणि वर पाचशे.

बँकेचं शेवटचं पत्र आलं त्या तारखेपासून सहा महिन्यांत आर्थिक लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेकडे, जाता येतं. मी गेलो आहे. त्यासाठी सूट मी हात न लावता ठेवलाय: उजवा साईड कट उसवलेला, डावा त्याने शिवलेला तसाच, बटणपट्टी उलटी, लेबल जागच्या जागी. ड्रायक्लीन केला नाही, करू नका, वाफेवर आलेल्या घडीच्या रेषा जातील.

परवा त्याच पद्धतीची नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, तोच लाकडी हँगर, मागे तोच हिरवा पडदा. तपकिरी डबल-ब्रेस्टेड, छाती ४०, १९४२ चा, या वेळी काकांचा. सगळी मापं दिली आहेत, आसन नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी अशा पडद्यासमोरचा सूट घेतला असेल, तर कमरपट्टीवर लूपच्या जागा आणि बटणपट्टीच्या आत भोकांच्या दोन रांगा आहेत का ते बघा, आणि असतील तर फोटो काढून, मालाला हात न लावता, मला कळवा. लोकपालाकडच्या माझ्या अर्जाला जोडायला दुसरा सूट हवा आहे.